एका द्रव्याचीं दोन नांवें

क्षय हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं चालतो. एक अर्थ केवळ झीज, ऱ्हास. दुसरा अर्थ तो रोग, ज्याला जुन्या वैद्यांनीं राजयक्ष्मा म्हटलें आणि ज्याचें नांव एके काळीं घरोघर हळू आवाजांत उच्चारलें जाई. दक्षाच्या शापानें चंद्राला हा रोग जडला व तो कलेकलेनें क्षीण होऊं लागला, ही पुराणकथा वाचकांस ठाऊकच आहे. रोगी झिजतो म्हणून रोगास क्षय म्हणावयाचें, हा व्यवहार इतका सरळ आहे कीं, झिजविणारी शक्ति व रोगाचा जंतु हीं एकमेकांचीं वैरी असूं शकतील, अशी शंकाही आपल्या मनास शिवत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मनुष्याच्या शरीरांत एक असें द्रव्य सांपडलें कीं, जें अतिरेक झाला असतां शरीरास झिजवितें, आणि तेंच क्षयाच्या जंतूपासून शरीराचें रक्षणही करितें. त्या द्रव्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

हें द्रव्य आज अनेक देशांच्या प्रयोगशाळांतून बोटाच्या पेराएवढ्या कुपींत घालून शीतकपाटांत ठेवलेलें असतें. कुपींतील भुकटी इतकी अल्प असते कीं, पुष्कळदां ती डोळ्यांस दिसतही नाहीं. तिचें मोजमाप ग्रॅमच्या दशलक्षांश भागांनीं करावें लागतें. कुपी केवळ संशोधनासाठीं आहे, रोग्यास देण्यासाठीं नव्हे, असा इशारा तिच्यासोबत असतो. तिच्यावरील नांव 'पुनःसंयोजित मानवी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' असें लांबलचक आहे. मराठींत त्यास अर्बुदनाशक द्रव्य म्हणतां येईल. हें नांव खोटें नाहीं, पण तें अर्धेंच खरें आहे. तें कसें पडलें, त्यानें विद्वानांस कोठवर नेलें व कोठें चकविलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम या द्रव्याची जात सांगितली पाहिजे. शरीरांतील पेशी सूक्ष्म प्रथिनें सोडून एकमेकींस निरोप धाडतात. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाईन म्हणतात. त्यांपैकीं कांहींचें काम दाह उत्पन्न करण्याचें असतें. लाली, सूज, उष्णता व वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच नमूद करून ठेवलीं आहेत. दाह हा रोग नव्हे. तो शरीराचा बंदोबस्त आहे. गांवांत चोर शिरले म्हणजे जागल्या हांक देतो, दिवे लागतात, माणसें काठ्या घेऊन बाहेर पडतात. पण हांक थांबलीच नाहीं, तर गांवकरी अंधारांत एकमेकांसच झोडपूं लागतील. आमच्या कथेचा नायक हा असा एक जागल्या आहे.

कथेचा आरंभ १८९० सालीं न्यूयॉर्क शहरांत होतो. विल्यम कोली या अठ्ठावीस वर्षांच्या शस्त्रवैद्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी आली. तिच्या हातावरची सूज सार्कोमा जातीचें अर्बुद ठरली. हात कापला, तरी १८९१ च्या जानेवारींत ती वारली. तरुण वैद्याच्या मनास हा मृत्यु फार लागला. इतिहाससंशोधकानें चाळावींत तशीं त्यानें रुग्णालयाचीं जुनीं दप्तरें चाळलीं. त्यांत त्याला एका जर्मन स्थलांतरिताची हकीकत मिळाली. त्या मनुष्याच्या मानेवरचें अर्बुद कापलें तरी पुनःपुन्हां उगवत होतें. अशांत त्याला विसर्प, म्हणजे आपल्याकडे ज्याला धांवरें म्हणतात तो त्वचेचा रोग झाला. तीव्र ज्वर आला. आणि पुढें अर्बुद विरून गेलें. कोलीनें त्या मनुष्यास शहरांत शोधून काढलें. सात वर्षें लोटलीं होतीं, आणि तो धडधाकट होता.

येथून कोलीनें जें साहस केलें तें आज कोणी करूं धजणार नाहीं. १८९१ च्या मे महिन्यांत त्यानें एका असाध्य रोग्यास विसर्पाचे जिवंत जंतु टोचावयास प्रारंभ केला. त्या रोग्याचें अर्बुद ओसरलें व तो पुढें कांहीं वर्षें जगला. पण दुसऱ्या कांहीं रोग्यांचा विसर्पानेंच बळी घेतला. तेव्हां १८९३ पासून कोली मारलेल्या जंतूंचें मिश्रण वापरूं लागला. त्यांत विसर्पाच्या जंतूबरोबर सेराशिया नांवाचा दुसरा एक जंतु असे. हें औषध 'कोलीचीं विषें' या नांवानें ओळखलें गेलें. गुण कोणास येई, कोणास येत नसे. कां, तें सांगतां येत नसे. तितक्यांत क्ष-किरण व रेडियम यांचा उदय झाला आणि नियमानें मोजून देतां येणाऱ्या या नव्या उपायांपुढें हीं बेभरंवशाचीं विषें मागें पडलीं. कोली १९३६ सालीं वारला. त्याची कन्या हेलन कोली नॉट्स हिनें मात्र बापाचीं टिपणें टाकलीं नाहींत. रोग्यांच्या हकीकती एकेक करून तिनें जमविल्या, आणि १९५३ सालीं कर्करोगसंशोधनास वाहिलेली एक संस्था न्यूयॉर्क येथें स्थापन केली.

मध्यंतरीं १९४३ सालीं मरे शिअर या अमेरिकन संशोधकानें सेराशिया जंतूपासून असा एक अंश वेगळा केला होता कीं, तो टोचला असतां उंदराच्या अर्बुदांत रक्तस्राव होऊन तें काळें पडे व कुजे. हा अंश जंतूच्या बाह्य कवचांतला. त्यास आम्ही अंतर्विष म्हणूं. आतां खरा प्रश्न उभा राहिला: हें विष अर्बुदास स्वतः मारतें, कीं दुसऱ्या कोणाकडून मारवितें? १९६२ सालीं शिअरच्याच सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अंतर्विष टोचलेल्या उंदराचा रक्तरस दुसऱ्या उंदरास दिला, तरी त्याचें अर्बुद कुजतें. म्हणजे मारेकरी दुसराच होता, आणि तो शरीरांतच उत्पन्न होत होता.

या मारेकऱ्याचें बारसें १९७५ सालीं झालें. न्यूयॉर्कच्या ज्या कर्करोग रुग्णालयांत कोलीनें आयुष्य वेंचलें, त्याचीच वारस असलेल्या संस्थेंत एलिझाबेथ कार्सवेल, लॉईड ओल्ड व त्यांचे सहकारी काम करीत होते. ओल्ड हे हेलन नॉट्स यांच्या संस्थेचेही शास्त्रीय मार्गदर्शक होते. बापाची आशा लेकीच्या हातून जणूं त्यांच्या हातीं आली होती. त्यांनीं उंदरांस प्रथम बीसीजी ही क्षयाची लस टोचली, कांहीं दिवसांनीं अंतर्विष टोचलें, आणि त्यांचा रक्तरस काढून अर्बुदग्रस्त उंदरांस दिला. अर्बुदें कुजलीं. रक्तरसांतील या अदृश्य द्रव्यास त्यांनीं 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', म्हणजे अर्बुद कुजविणारें द्रव्य, असें नांव दिलें. प्रयोगांत बीसीजीचा उपयोग झाला होता, एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

त्याच शहरांत, त्या संस्थेपासून हांकेच्या अंतरावर, रॉकफेलर विद्यापीठांत अँथनी सेरामी यांचें लक्ष अगदीं निराळ्या प्रश्नाकडे होतें. ट्रिपॅनोसोम या परोपजीवी जंतूनें आफ्रिकेंतील गुरें झिजून मरतात. अंगांत जंतु थोडे असले, तरी जनावर हाडांचा सांपळा होतें, असें कां व्हावें? अशा जंतूनें ग्रासलेल्या सशांच्या रक्तांत स्निग्धांश मात्र फार वाढलेला आढळे. घरांत अन्न येऊन पडावें आणि तें कोठारांत नेण्यास कोणी नसावें तशी ती स्थिति होती. सेरामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० च्या सुमारास असें दाखविलें कीं, रक्तांतील स्निग्धांश सांठविण्याच्या कामीं येणाऱ्या पाचक रसास बंद पाडणारें एक द्रव्य शरीराच्या महाभक्षक पेशीच सोडतात. त्याला त्यांनीं 'कॅचेक्टिन' हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शरीराची दुरवस्था. मराठींत आपण क्षयकारक म्हणूं.

याप्रमाणें एका रस्त्यावर दोन प्रयोगशाळा, दोन द्रव्यें आणि दोन नांवें झालीं. एकाच्या नांवांत आशा, दुसऱ्याच्या नांवांत भीति. दोन्ही ठिकाणीं हातांत होतें तें मिश्रण. इतिहासाच्या अभ्यासांत बखरीचें जें स्थान, तेंच येथें रक्तरसाचें समजावें. बखरींत खरें असतें, पण त्यांत कोणाचें काय मिसळलें आहे, तें ओळखतां येत नाहीं. एका बखरींत ज्यास वीर म्हटलें व दुसरींत ज्यास बंडखोर म्हटलें, तो पुरुष एकच कीं दोन, याचा निकाल लागण्यास अस्सल कागदच हातीं यावा लागतो. शुद्ध द्रव्य हा येथला अस्सल कागद होय.

तो मिळविण्याची युक्ति १९७३ सालीं स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांच्या प्रयोगांनीं सिद्ध झाली होती. एका जीवाचा जनुक तोडून जंतूच्या अंगीं जोडावयाचा, म्हणजे तो जंतु आपल्या वंशासह तें परकें प्रथिन तयार करूं लागतो. यालाच पुनःसंयोजन म्हणतात. कॅलिफोर्नियांतील जेनेन्टेक या कंपनींत जन्मानें भारतीय असलेले भारत अग्रवाल यांनीं मानवी पेशींपासून हें द्रव्य शुद्ध केलें, आणि १९८४ च्या डिसेंबरांत डायान पेनिका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा मानवी जनुक हस्तगत केल्याचें प्रसिद्ध केलें. द्रव्य लहानसेंच निघालें: १५७ अमिनो आम्लांची एक सांखळी, आणि अशा तीन सांखळ्या एकत्र आल्या म्हणजे काम करणारा रेणु. आपल्या आंतड्यांत वसति करणाऱ्या ई. कोलाय या जंतूकडून तें हवें तितकें करवून घेतां येऊं लागलें.

यांत एक मौजेची अडचण होती. ई. कोलायच्या कवचांतही अंतर्विष असतें. म्हणजे ज्या विषानें शरीर हें द्रव्य उत्पन्न करितें, त्याच विषाच्या भांड्यांत तें शिजत होतें. द्रव्याबरोबर विषाचा लेश राहिला, तर प्रयोगांत जो परिणाम दिसेल तो कोणाचा म्हणावयाचा? म्हणून अशा कुपीची खरी किंमत तिच्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं यावर ठरते. विषाचा लेश पारखण्यासाठीं नालेच्या आकाराच्या एका समुद्रखेकड्याचें निळें रक्त वापरण्याची रीत पडली. फ्रेडरिक बँग व जॅक लेव्हिन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखविल्याप्रमाणें अंतर्विषाच्या स्पर्शानें तें गोठतें. द्रव्याचा जोर मोजण्याची रीतही ठरली: उंदराच्या विशिष्ट पेशी कांचपात्रांत वाढवावयाच्या आणि किती अंशानें त्यांतील निम्म्या पेशी मरतात तें पाहावयाचें.

अस्सल कागद हातीं येतांच निकाल लागला. १९८५ सालीं ब्रूस ब्यूटलर व सेरामी यांनीं शुद्ध केलेलें क्षयकारक द्रव्य अर्बुदनाशक द्रव्याशीं ताडून पाहिलें. दोन्ही एकच होतीं! वीर आणि बंडखोर हा एकच पुरुष. पुढच्याच वर्षीं केव्हिन ट्रेसी, ब्यूटलर, सेरामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुनःसंयोजित मानवी द्रव्य उंदरांच्या मोठ्या जातीस, म्हणजे घुशीसारख्या रॅटांस, टोचलें. जंतूचा संसर्ग मुळींच नसतां त्यांचा रक्तदाब कोसळला, आंतड्यांत रक्तस्राव झाला, आणि तीं जनावरें जंतुदोषानें मरावीं तशीं मेलीं. घातक जंतुदोषांत प्राण जातो तो पुष्कळदां शत्रूच्या शस्त्रानें नव्हे, तर आपल्याच जागल्याच्या हांकेनें, असा त्याचा अर्थ होता.

इकडे कर्करोगाच्या रोग्यांवर प्रयोग चालूच होते. कोलीची शंभर वर्षांची आशा आतां शुद्ध स्वरूपांत कुपींत आली होती. ती रोग्यांच्या शिरेंत सोडली तेव्हां थंडी, ज्वर आणि रक्तदाबाची घसरण हीं तत्काळ दिसलीं. अर्बुदांवर परिणाम मात्र फारच थोडा झाला. उंदराच्या अर्बुदास जेवढें द्रव्य लागे, तेवढें मनुष्यास सोसत नव्हतें. पुढें बेल्जियम व स्वित्झर्लंड येथील वैद्यांनीं रोगट हात किंवा पाय रक्ताभिसरणापुरता वेगळा करून केवळ त्यांतच हें द्रव्य खेळविण्याची रीत काढली, आणि तेवढ्या उपयोगासाठीं युरोपांत १९९९ सालीं त्यास मान्यता मिळाली. हात वांचविण्यास तें कामीं आलें. ज्या मुलीच्या हातापासून ही कथा सुरू झाली तिची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

मग बाजू उलटली. जें द्रव्य द्यावयाचें होतें, तेंच आतां अडवावयाचें ठरलें. पहिला प्रयत्न जंतुदोषावर झाला. अगोदरच प्रतिद्रव्य टोचलेलीं बॅबून वानरें घातक जंतुदोषांतून वांचलीं होतीं. परंतु रुग्णालयांत येणारा रोगी अगोदर सूचना देऊन आजारी पडत नाहीं. माणसांवरील चांचण्या एकामागून एक फसल्या. यश आलें तें जेथें हांक वर्षानुवर्षें थांबत नाहीं अशा रोगांत. लंडन येथें मार्क फेल्डमान व रविंदर मैनी यांचे सहकारी आमवाताच्या रोग्यांच्या सांध्यांतील पेशी कांचपात्रांत ठेवून अभ्यासीत होते. १९८९ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, हें एक द्रव्य अडविलें म्हणजे दाहाचीं पुढचीं द्रव्यें आपोआप ओसरतात. तिकडे न्यूयॉर्कांत, चेकोस्लोव्हाकियांतून १९६४ सालीं निसटून आलेले यान विल्चेक व त्यांचे सहकारी जुनमिंग ले यांनीं शुद्ध मानवी द्रव्य उंदरांस टोचून त्याविरुद्ध प्रतिद्रव्य मिळविलें होतें. १९९२ सालीं लंडनांत वीस रोग्यांवर त्याचा प्रयोग झाला. आंखडलेले सांधे सुटले, सूज उतरली. १९९८ सालीं अमेरिकेंत या वर्गांतल्या पहिल्या औषधांस मान्यता मिळाली, आणि अंथरुणास खिळलेलीं असंख्य माणसें हिंडूंफिरूं लागलीं. हा लाभ लहान नव्हे, आणि तो कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु आतां अर्बुदनाशक हें नांव मागें पडून दुसरेंच एक नांव लोकांच्या मनांत रुजूं लागलें: शत्रु. आणि येथें क्षय हा शब्द आपल्या दुसऱ्या अर्थानें कथेंत पाऊल ठेवतो. २००१ सालीं अमेरिकेंत एक अहवाल प्रसिद्ध झाला. हें नवें प्रतिद्रव्य घेतलेल्या ७० रोग्यांस क्षयरोग जडला होता, आणि त्यांपैकीं ४८ जणांस तो तीन किंवा त्याहून कमी टोचण्यांनंतर उद्भवला होता. पुष्कळांचा क्षय फुप्फुसांपुरता न राहतां शरीरांत अन्यत्र पसरला होता.

याचें कारण असें. क्षयाचा जंतु अंगांत शिरला म्हणजे शरीर दर वेळीं त्यास मारूं शकतेंच असें नाहीं. तें महाभक्षक पेशींचा कोट उभारून त्यास गांठीमध्यें कोंडून ठेवतें. जंतु आंत जिवंत असतो, पण कैदेंत. मनुष्यास कांहीं जाणवतही नाहीं. या कोटाचे पहारे जागे ठेवण्याचें काम हेंच द्रव्य करितें. त्यास अडविलें कीं कोट ढांसळतो आणि कैदी बाहेर पडतो. १९८९ सालींच जिनीव्हा येथील संशोधकांनीं बीसीजी दिलेल्या उंदरांत ही गोष्ट दाखविली होती: द्रव्य अडवितांच गांठी विरल्या व जंतु माजले. त्याच्याही मागें जावें, तर १९७५ च्या बारशाच्या प्रयोगांतच ती सूचना होती. उंदरांस अगोदर क्षयाची लस टोचली म्हणजेच हें द्रव्य विपुल मिळतें, याचा अर्थ क्षयाशीं झुंजावयास सज्ज झालेल्या पेशीच तें मुबलक सोडतात. पण द्रव्याचें नांव अर्बुदावरून पडलें होतें, आणि डोळे नांवामागें गेले.

आपल्या देशापुरतें पाहिलें तर हा इतिहास दूरचा नाहीं. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश भारतांत आहेत; आणि कोंडलेला जंतु अंगांत बाळगून असलेलीं, पण रोगी नसलेलीं माणसें त्याहून कितीतरी अधिक. या औषधांपैकीं एकाची प्रतिकृति २०१४ सालीं अहमदाबादच्या एका कंपनीनें बाजारांत आणली, आणि अशा प्रतिकृतींनीं पूर्वीं केवळ धनिकांस परवडणारा उपाय अधिक घरांपर्यंत पोंचूं लागला. म्हणून हें औषध सुरू करण्यापूर्वीं वैद्य छातीचें क्ष-किरणचित्र काढावयास व क्षयाची चांचणी करावयास सांगतात, कोंडलेला जंतु आढळल्यास प्रथम त्यावर कांहीं महिने औषध देतात. सांधे दुखत असतां फुप्फुसाची तपासणी कशाला, असा प्रश्न पडून कित्येक रोगी ती टाळूं पाहतात. वरील हकीकत हेंच त्या प्रश्नाचें उत्तर आहे.

या इतिहासांत दोष द्यावा असा मनुष्य आम्हांस दिसत नाहीं. कोलीनें जें पाहिलें तें खरें होतें. सेरामींनीं पाहिलें तेंही खरें होतें. चूक झाली ती इतकीच कीं, पदार्थ हातीं येण्यापूर्वीं त्याला आपापल्या आशेचें किंवा भीतीचें नांव दिलें गेलें, आणि पुढच्यांनीं नांवावरून त्याचा स्वभाव ठरविला. ती चूक दुरुस्त झाली ती वादविवादानें नव्हे, तर ज्या कुपींत दुसरें कांहींच मिसळलेलें नाहीं अशा एका कुपीनें. तीच मुळीं मनुष्यास देण्यासाठीं नाहीं. ती केवळ खरें काय तें विचारण्यासाठीं आहे. तिच्यावर अजूनही पहिलेंच नांव छापलेलें असतें; दुसरें नांव प्रचारांतून गेलें. नांव बदलावें असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तें वाचतांना, ज्याला एका काळीं क्षयकारक म्हटलें तेंच आपल्यापैकीं कित्येकांच्या छातींत या घटकेस क्षयाच्या जंतूवर पहारा करीत उभें आहे, एवढें वाचकांनीं आठवावें.